यादीत नाव हवंच, पण आधार नंबर कशाला?

नुकसानभरपाईची यादी आली की ती आधी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागते की गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडते, हे सांगणं अवघड झालंय. बहुतेक वेळा ग्रुपच पुढे असतो. कुणी फलकाचा फोटो काढून टाकतो, तर कुणी कार्यालयातून हाती आलेली एक्सेल फाईल जशीच्या तशी पुढे ढकलतो. मग दिवसभर सगळ्यांचं एकच काम. आपलं नाव आहे का, शेजाऱ्याचं क्षेत्र किती धरलं, रक्कम किती पडली. यादी बघणं हा गावाचा हक्कच आहे. पण अशा यादीत नावापुढे कधी बारा आकडी आधार नंबर असतो, कधी बँक खात्याचा नंबर, कधी मोबाईल. हे आकडे गावाने बघायचं काही कारण नाही. तरीही ते ग्रुपमधल्या शे-दोनशे फोनमध्ये जाऊन बसतात आणि तिथून पुढे कुठे गेले, याचा हिशेब कुणाकडेच राहत नाही.

आधारच्या बाबतीत गावकऱ्याला नेहमी एकच सल्ला मिळतो, काळजी घ्या. नंबर कुणाला सांगू नका, झेरॉक्स कुणाला देऊ नका. सल्ला चुकीचा नाही. पण आजवर आधार नंबर बाहेर पडल्याची जी मोठमोठी प्रकरणं उघड झाली, त्यातली बरीचशी लोकांच्या बेफिकिरीमुळे झालेली नाहीत. नंबर कार्यालयांनीच जाहीर केले होते, आणि तेही 'पारदर्शकते'च्या नावाखाली.

सुरुवात टेंभलीपासून

आधारची सुरुवात महाराष्ट्रातच झाली. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यात, टेंभली या आदिवासी गावात तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या हस्ते देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. त्या वेळी आधारसाठी स्वतंत्र कायदा नव्हता. तो आला २०१६ साली. मधल्या काळात रेशन, गॅस, पेन्शन, शिष्यवृत्ती, रोजगार हमी अशा एकेका कामासाठी नंबर गोळा होत गेले. ते गोळा करायची सवय कार्यालयांना लागली. ते झाकून ठेवायची सवय मात्र लागली नाही, कारण तसं करायला सांगणारा कायदाच नव्हता.

याचा परिणाम २०१७ मध्ये दिसला. त्या वर्षी एप्रिलमध्ये झारखंड सरकारच्या सामाजिक सुरक्षा विभागाच्या संकेतस्थळावर दहा लाखांहून जास्त वृद्ध पेन्शनधारकांचे आधार नंबर उघडे पडल्याचं समोर आलं. पुढच्याच महिन्यात बेंगळुरूच्या 'सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी' या संस्थेने अहवाल काढला. त्यांनी फक्त चार सरकारी पोर्टल तपासले होते. त्यातला एक निराधार आणि वृद्धांच्या पेन्शनचा, एक रोजगार हमीचा आणि दोन आंध्र प्रदेशातले. या चारांवर मिळून सुमारे १३ कोटी आधार नंबर लोकांना दिसत असावेत, असा त्यांचा अंदाज होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये माहिती अधिकारातल्या एका अर्जाला उत्तर देताना खुद्द आधार प्राधिकरणाने सांगितलं, की केंद्र आणि राज्य सरकारांच्या सुमारे २१० संकेतस्थळांवर लाभार्थ्यांची नावं, पत्ते आणि आधार नंबर दिसत होते. ते काढून टाकायला लावल्याचंही प्राधिकरणाने म्हटलं.

यासाठी कुणाला संगणक 'हॅक' करावा लागला नव्हता. पेन्शनची यादी उघडायची, जिल्हा निवडायचा, तालुका निवडायचा, गाव निवडायचं, की नावापुढे नंबर. ज्या खात्याने ही यादी टाकली त्याला वाटलं, आपण कारभार खुला करतोय. आणि एका अर्थाने ते खरंही होतं. बोगस पेन्शनधारक पकडायचे तर यादी लोकांसमोर यायलाच हवी. पण त्यासाठी नाव, गाव आणि रक्कम एवढं पुरतं. बारा आकडे बघून कोणता गावकरी बोगस माणूस ओळखणार आहे?

त्याच वर्षी मार्चमध्ये क्रिकेटपटू महेंद्रसिंग धोनीच्या आधार अर्जाचा तपशील एका सेवा केंद्राकडून ट्विटरवर गेला, त्याच्या पत्नीने थेट केंद्रीय मंत्र्यांकडे तक्रार केली आणि त्या एजन्सीला दहा वर्षांसाठी काळ्या यादीत टाकलं गेलं. धोनीच्या घरून तक्रार गेली म्हणून कारवाई इतक्या झटपट झाली. झारखंडच्या पेन्शनवाल्या आजीबाईंची तक्रार कोण आणि कुठे नेणार होतं, हा वेगळा विषय.

पीएम किसानही यातून सुटलं नाही. जून २०२२ मध्ये एका सुरक्षा संशोधकाने दाखवून दिलं, की या योजनेच्या संकेतस्थळाच्या एका भागातून शेतकऱ्यांचे आधार नंबर काढता येत होते. नंतर ती फट बुजवली गेली. पण तोपर्यंत कुणी किती नंबर नेले, हे शेतकऱ्याला कळायला मार्ग नाही.

नुसता नंबर कळून काय होतं?

प्राधिकरणाचं म्हणणं पहिल्यापासून एकच आहे. नुसता आधार नंबर कळला म्हणून कुणाचं नुकसान होत नाही. अंगठा किंवा ओटीपी असल्याशिवाय काही करता येत नाही.

हे सिद्ध करायला जुलै २०१८ मध्ये ट्रायचे तेव्हाचे अध्यक्ष आर. एस. शर्मा यांनी स्वतःचा आधार नंबर ट्विटरवर टाकला आणि 'काय नुकसान करायचं ते करून दाखवा' असं आव्हान दिलं. लोकांनी काही तासांत त्यांचा मोबाईल, पत्ता आणि इतर माहिती जमवून मांडली. शर्मा म्हणाले, यात माझं नुकसान काहीच झालं नाही. पण त्यानंतर प्राधिकरणालाच लोकांना सांगावं लागलं, की कृपा करून आपले नंबर असे जाहीर करू नका. पुढे २०२० मध्ये तर याच शर्मांच्या आधारवर पीएम किसानचा लाभार्थी नोंदला गेल्याची आणि हप्तेही जमा झाल्याची बातमी प्रसिद्ध झाली.

शर्मा मोठे अधिकारी होते. गावातल्या माणसाच्या बाबतीत काय होऊ शकतं, याचं उदाहरण साताऱ्याचं आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये खटाव तालुक्यातून लाडकी बहीण योजनेत वेगवेगळ्या महिलांचे आधार नंबर वापरून सुमारे तीस अर्ज भरल्याचं प्रकरण पोलिसांत गेलं. त्याला वाचा फुटली ती पनवेलकडच्या एका महिलेमुळे. ती आपला अर्ज भरायला गेली, तर तिच्या आधारवर आधीच कुणीतरी अर्ज भरलेला. इथे कुणाच्या खात्यातून रुपया गेला नव्हता. पण ज्या बाईच्या नावचे १५०० रुपये यायचे होते, तिला आधी 'अर्ज भरणारी मी नव्हे' हे सिद्ध करायची पायपीट करावी लागली.

याहून मोठा धोका अंगठ्याचा. बँक मित्राच्या छोट्या मशीनवर अंगठा लावून पैसे काढायची जी सोय आहे, तिला 'एईपीएस' म्हणतात. शाखा वीस किलोमीटरवर असलेल्या गावात ही सोय म्हणजे मोठा आधार आहे, यात शंका नाही. निराधारचे पैसे, रोहयोची मजुरी, लाडक्या बहिणीचा हप्ता घराजवळ हातात पडतो. त्यासाठी लागतात तीनच गोष्टी: आधार नंबर, बँकेचं नाव आणि बोटाचा ठसा. ओटीपी नाही, पिन नाही, एटीएम कार्डही नाही. एका वेळी दहा हजारांपर्यंत रक्कम निघते. नंबर यादीतून मिळाला, बँकेचं नावही त्याच यादीत मिळालं, तर चोरट्याला उरतो फक्त ठसा.

आणि ठसाही सरकारी दप्तरात पडून आहे. जमिनीच्या खरेदीखतावर घेणाऱ्याचे, देणाऱ्याचे आणि साक्षीदारांचे अंगठे असतात, आणि मागे आधारची झेरॉक्स टाचलेली असते. जून २०१८ मध्ये तेलंगणातल्या पेद्दपल्ली जिल्ह्यात एका सिमकार्ड विक्रेत्याला पोलिसांनी पकडलं. त्याने नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावरून दस्त उतरवून घेतले, त्यावरच्या ठशांवरून रबराचे अंगठे बनवले आणि हजारो सिमकार्डं दुसऱ्यांच्या नावावर चालू केली. त्याला विक्रीचं टार्गेट गाठायचं होतं, म्हणून सिमवर भागलं. पाच वर्षांनी, २०२३ मध्ये, बेंगळुरूत जमीन-घराची नोंदणी केलेल्या लोकांच्या खात्यांतून एईपीएसने पैसे गेल्याच्या तक्रारी मोठ्या प्रमाणावर आल्या. तेव्हा कर्नाटकच्या नोंदणी खात्याने ऑनलाईन दस्तांतले ठसे आणि आधार नंबर झाकायला घेतले. पेद्दपल्लीनंतर मधल्या पाच वर्षांत हे का झालं नाही, याचं उत्तर कुणी दिलेलं नाही.

एटीएमचा पिन फुटला तर बदलता येतो. आधार नंबर आयुष्यभराचा असतो आणि बोट तर जन्माचंच. म्हणून हे एकदा बाहेर गेलं की 'पुढच्या वेळी काळजी घेऊ' याला फारसा अर्थ उरत नाही.

कपाटाला कुलूप नाही

जुलै २०१७ मध्ये प्राधिकरणाने एक चांगला नियम केला. ज्या खात्याला आधार नंबर साठवायचे आहेत, त्याने ते वेगळ्या सुरक्षित तिजोरीत, म्हणजे 'आधार डेटा व्हॉल्ट'मध्ये ठेवायचे. बाकी सगळ्या कामाला त्या नंबरऐवजी दुसरा एक संदर्भ क्रमांक वापरायचा. मंत्रालयातल्या आणि दिल्लीतल्या संगणकांसाठी हे ठीक आहे. पण गावात आधार नंबर राहतो कुठे? तो राहतो ग्रामपंचायतीच्या लोखंडी कपाटात, घरकुलाच्या फायलींच्या गठ्ठ्यात. तलाठ्याच्या, म्हणजे आता कागदोपत्री ग्राम महसूल अधिकाऱ्याच्या, पिशवीत. सोसायटीच्या कर्जमागणी अर्जात, शाळेच्या दाखल्याच्या रजिस्टरात, अंगणवाडी ताईंच्या वहीत. झेरॉक्सवाल्याच्या संगणकावरच्या 'डाउनलोड' फोल्डरमध्ये, जिथे गावातल्या अर्ध्या लोकांचे आधार व्हॉट्सॲपवरून प्रिंटसाठी आलेले असतात आणि पुसले कुणीच नसतात.

आणि तो राहतो वरिष्ठांच्या 'तातडीच्या' आदेशात. संध्याकाळी पाचला तालुक्याहून निरोप येतो: लाभार्थ्यांची माहिती आधार आणि खाते नंबरासह आजच पाठवा. ग्रामपंचायत अधिकारी, आशाताई, रोजगार सेवक बिचारे आपल्या स्वतःच्या मोबाईलवर यादी टाईप करतात आणि ग्रुपवर टाकतात, कारण दुसरी सोयच दिलेली नसते. ती फाईल चुकून गावच्या ग्रुपवर गेली, तर दोष त्यांचाच. त्यांच्यावर खापर फोडणं सोपं आहे. पण व्हॉल्टचा नियम करणाऱ्यांनी शेवटच्या माणसाच्या हातात साधा सुरक्षित मार्ग दिला का, हा प्रश्न वरपर्यंत जायला हवा.

झेरॉक्सचं तर धोरणच डळमळीत. २७ मे २०२२ रोजी प्राधिकरणाच्या बेंगळुरू कार्यालयाने पत्रक काढलं, की आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, गैरवापर होऊ शकतो, शेवटचे चारच आकडे दिसतील असं 'मास्क्ड आधार' द्या. देशभर गोंधळ उडाला आणि दोनच दिवसांत, २९ मे रोजी, पत्रक मागे घेतलं गेलं. नेहमीसारखी काळजी घ्या, एवढंच सांगितलं. म्हणजे काय करायचं, हे गावच्या माणसाला आजही नीट कळलेलं नाही. मास्क्ड आधार घेऊन एखाद्या सेतू केंद्रावर किंवा शाखेत गेलं तर 'पूर्ण नंबरवालं आणा' हेच उत्तर बहुधा मिळतं.

व्हीके नंबरने वाट दाखवलीय

यावर उपाय शोधायला फार लांब जायची गरज नाही. तो याच राज्यात वापरून झालाय. अतिवृष्टीच्या अनुदानासाठी ज्यांनी ई-केवायसी केली, त्यांना 'व्हीके नंबर' म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. विशिष्ट क्रमांकाची यादी लागायची, शेतकरी आपल्या नावापुढचा व्हीके नंबर घेऊन आपले सरकार केंद्रावर जायचा आणि आधारची पडताळणी तिथे, त्याच्या समोर व्हायची. त्याआधी २०१९ च्या महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजनेतही प्रत्येक कर्जखात्याला असाच विशिष्ट क्रमांक दिलेला होता.

या पद्धतीचा फायदा साधा आहे. व्हीके नंबर त्या एका कामापुरता असतो. ती यादी सगळ्या तालुक्यात फिरली तरी त्या नंबरावरून कुणाचं बँक खातं उघडत नाही, कुणाच्या नावावर सिमकार्ड निघत नाही की दुसऱ्या योजनेत अर्ज भरता येत नाही. अनुदान जमा झालं की त्या नंबराचं काम संपतं. गावाला मात्र नाव, क्षेत्र, रक्कम सगळं दिसतं. अडचणी याच्यातही होत्या, केंद्रावर रांगा, सर्व्हर डाऊन, बोट न उमटणं. पण त्या पडताळणीच्या अडचणी. यादी कशी लावावी, याचा प्रश्न मात्र त्याने सोडवला. मग निराधारच्या यादीला, घरकुलाच्या यादीला, शिष्यवृत्तीच्या यादीला हीच पद्धत का नको? १५ एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी सक्तीचा झालेला शेतकरी ओळख क्रमांक, म्हणजे फार्मर आयडी, इथेही हाच विचार लागू पडतो. हा क्रमांक थेट सातबाऱ्याशी आणि आधारशी जोडलेला आहे. एका कामापुरता नसून कायमचा आहे. तो उद्या आधारसारखाच प्रत्येक यादीत नावापुढे छापला जाऊ लागला, तर पुन्हा तेच चक्र सुरू होईल.

कायदा आहे, पण कुणासाठी?

आधार कायद्याचं कलम २९ स्पष्ट आहे. कुणाचाही आधार नंबर जाहीरपणे छापायचा, दाखवायचा किंवा लावायचा नाही. २०१६ च्याच नियमावलीत त्यापुढची ओळ आहे: ज्याच्याकडे आधार नंबरची नोंद आहे त्याने ती नंबर खोडल्याशिवाय किंवा काळा केल्याशिवाय लोकांसमोर आणायची नाही, छापील स्वरूपात नाही आणि इलेक्ट्रॉनिकही नाही. म्हणजे ग्रामपंचायतीचा फलकही यात आला आणि व्हॉट्सॲपवरची फाईलही आली. ओळखीची माहिती बेकायदा उघड करणाऱ्याला कलम ३७ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

पण सुरुवातीला या कायद्यात मोठी गोम होती. गुन्ह्याची तक्रार फक्त प्राधिकरणच करू शकत होतं. ज्याचा नंबर फुटला त्याला दारच बंद. सर्वोच्च न्यायालयाच्या २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालानंतर, २०१९ च्या दुरुस्तीने ते दार उघडलं. आता काही गुन्ह्यांत, त्यात कलम ३७ ही आलं, तो माणूस स्वतः न्यायालयात तक्रार करू शकतो. मात्र खालच्या न्यायालयात नाही, मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर, म्हणजे बहुधा जिल्ह्याच्या ठिकाणी. रोजंदारी बुडवून, एसटीने जाऊन, वकील लावून. हक्क मिळाला, पण तो वापरणार किती जण?

दुसरा कायदा २०२३ चा, डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि माहिती सांभाळणाऱ्यांवरची मुख्य बंधनं दीड वर्षाने, म्हणजे मे २०२७ च्या सुमारास लागू व्हायची आहेत. दंडाचा आकडा डोळे दिपवणारा आहे, २५० कोटी रुपयांपर्यंत. पण तो दंड सरकारी तिजोरीत जमा होणार. ज्याची माहिती फुटली त्याला भरपाई देण्याची तरतूद या कायद्यात नाही. शिवाय सरकारला हव्या त्या सरकारी यंत्रणेला काही कारणांसाठी यातून सूट देण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडेच ठेवलाय.

याच कायद्याने आणखी एक गोष्ट केली, आणि तिच्याकडे गावांनी जास्त लक्ष द्यायला हवं. माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(१)(जे) बदललं. पूर्वी एखादी वैयक्तिक माहिती सार्वजनिक कामाशी संबंधित असेल किंवा लोकहिताची असेल, तर ती द्यावी लागत असे. आता 'वैयक्तिक माहिती' एवढं म्हटलं की नकाराला आधार मिळतो. उद्या घरकुलाची यादी मागितली आणि 'ही लाभार्थ्यांची खासगी माहिती आहे' असं उत्तर आलं, तर नवल वाटायला नको. नंबर झाकायचे होते, आणि झाकलं जाईल नाव! ज्याने दोन घरकुलं उचलली, ज्याने मयताच्या नावाची पेन्शन खाल्ली, त्याला असा पडदा हवाच असतो.

म्हणून नंबर झाकायची मागणी करताना यादी उघडी ठेवायची मागणी त्याच अर्जात असली पाहिजे. त्याला कायद्याचा आधारही आहे. माहिती अधिकाराच्या कलम ४ प्रमाणे अनुदानाच्या योजनांतली रक्कम आणि लाभार्थ्यांचा तपशील कार्यालयाने न मागताच जाहीर करायचा असतो. ते कलम बदललेलं नाही. आणि कलम ८(२) सुद्धा शाबूत आहे. लोकहित मोठं असेल तर नाकारता येणारी माहितीही देता येते. नकार आला तर अपिलात ही दोन्ही कलमं लिहावीत.

लॉक लावायचं म्हटलं तर

आधारचं बायोमेट्रिक लॉक करता येतं. एम-आधार ॲपवर किंवा प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर ही सोय फुकट आहे. लॉक असताना कुणी रबराचा अंगठा लावला तरी मशीन नकार देतं. शहरातल्या माणसाला हा सल्ला उत्तम. गावात अडतं ते असं: रेशन दुकानातल्या ई-पॉस मशीनला दर महिन्याला अंगठा लागतो, म्हणून दर वेळी लॉक काढायचं आणि परत लावायचं. त्यासाठी आधारला मोबाईल जोडलेला हवा. आजीच्या आधारला एक तर मोबाईल नाही, नाही तर पुण्याला गेलेल्या नातवाचा जुना नंबर. ज्यांना सगळ्यात जास्त गरज, त्यांनाच हे कुलूप लावणं कठीण. तरी ज्यांच्या घरात रेशनला दुसरं कुणी अंगठा देऊ शकतं, त्यांनी म्हाताऱ्या माणसांचं लॉक लावून ठेवायला हरकत नाही. ज्या खात्यातून अंगठ्याने पैसे काढायचेच नसतात, त्यावरची ही सोय बंद करता येईल का, हेही शाखेत लेखी अर्ज देऊन विचारता येतं.

बँक मित्राकडे 'बोट उमटलं नाही, परत लावा' हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. बरेचदा ते खरंही असतं, कामाने बोटं झिजलेली असतात. पण दर वेळी अंगठा लावला की पावती मागायची, 'व्यवहार फेल' असेल तर त्याचीसुद्धा. या मशीनवाल्यांची नीट पडताळणी आणि त्यांच्यावर नजर ठेवायची जबाबदारी रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२६ पासून बँकांवर टाकलीय. त्यामुळे तक्रार मशीनवाल्याशी भांडून थांबवू नये, त्याला नेमणाऱ्या बँकेकडे लेखी द्यावी.

आणि पैसे गेलेच, तर वेळ महत्त्वाची. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक खातेदाराची नसेल आणि बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत त्याने बँकेला कळवलं, तर नुकसान त्याच्या माथी येत नाही. चार ते सात दिवस लागले तर त्याच्यावर थोडा भार पडतो. त्यापुढे सगळं बँकेच्या धोरणावर. सहकारी बँकांनाही त्याच वर्षी असेच नियम लागू झाले, म्हणजे जिल्हा बँकेचं खातंही यात येतं. कळवल्यावर दहा कामकाजाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती खात्यात परत टाकायची असते. १९३० या नंबरवर लगेच फोन करायचा, तक्रार क्रमांक लिहून घ्यायचा आणि शाखेत लेखी अर्ज देऊन पोच घ्यायची. शाखेत 'अंगठा तुमचाच लागलाय, आम्ही काय करणार' असं सांगून परत पाठवलं, तर तेच उत्तर लेखी मागावं. आपल्या आधारवर कधी आणि कुठे पडताळणी झाली, याची मागच्या सहा महिन्यांची नोंद 'माय आधार' पोर्टलवर निघते. ती प्रिंट अर्जाला जोडली तर गावात बसलेल्या माणसाचा अंगठा परराज्यात कसा लागला, हे बँकेला सांगावं लागतं.

गावाच्या पातळीवर करता येईल ते आणखी सोपं आहे. ग्रामसभेत एक ठराव: ग्रामपंचायत, शाळा, सोसायटी, रेशन दुकान यांनी लावलेल्या किंवा ग्रुपवर टाकलेल्या कोणत्याही यादीत आधार नंबर, खाते नंबर आणि मोबाईल नंबर पूर्ण दिसणार नाही. नाव, रक्कम आणि मंजुरीचा क्रमांक मात्र दिसलाच पाहिजे. सोबत दोन प्रश्न प्रोसिडिंगला नोंदवून घ्यायचे. आजवर गोळा केलेल्या झेरॉक्स कुठे ठेवल्यात आणि काम संपलेल्या योजनांच्या झेरॉक्सचं काय केलं? ठरावाला खर्च नाही, वरून मंजुरी लागत नाही. जुन्या याद्या फलकावरून काढायला आणि ग्रुपमधल्या फाईली ॲडमिनने पुसायला एक दुपार पुरते.